साउथ जॅक्सन स्ट्रीटवरचं स्वयंपाकघर

स्वयंपाकघर अगदी साधं आहे. लहानसं टेबल, भोवती खुर्च्या, हाताशी येईल अशी भांडी. आपल्याकडे नोकरदार माणसाच्या भाड्याच्या घरात असावं तेवढंच. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात माँटगोमेरी नावाचं शहर आहे, तिथे ३०९ साउथ जॅक्सन स्ट्रीट हा त्या घराचा पत्ता. डेक्स्टर अ‍ॅव्हेन्यू बॅप्टिस्ट चर्चने आपल्या पाळकाला राहायला दिलेलं हे घर. १९५४ मध्ये या चर्चमध्ये पंचविशीतला एक तरुण पाळक आला, मार्टिन ल्यूथर किंग. आता घराचं संग्रहालय झालंय.

लेक अटलांटाला असते. ती म्हणाली, "आई, त्यांचं जन्मघर इथेच आहे, समाधी इथेच आहे, मग अडीच तास गाडीत बसून तिकडे कशाला?" जन्मघर आणि समाधी मी पाहिली होती. मला ते टेबल पाहायचं होतं. का, ते तेव्हा तिला सांगता आलं नाही. परतीच्या वाटेवर सांगितलं.

२७ जानेवारी १९५६ ची रात्र. शहरातल्या बसवर कृष्णवर्णीयांनी घातलेल्या बहिष्काराला दोन महिने होत आले होते. १ डिसेंबरला रोझा पार्क्स यांना गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडली नाही म्हणून अटक झाली, ५ डिसेंबरपासून लोक चालायला लागले. त्याच दुपारी किंग यांना आंदोलनाचं अध्यक्ष केलं गेलं. वय सव्वीस. गावात येऊन जेमतेम सव्वा वर्ष झालेलं. घरात दोन-अडीच आठवड्यांची मुलगी. खरं तर त्याच्या थोडंच आधी एका संघटनेच्या स्थानिक शाखेचं अध्यक्षपद त्यांनी नाकारलं होतं. चर्चचं काम आहे, तान्हं मूल आहे, म्हणून. बहिष्काराला पाठिंबा द्या म्हणून ई. डी. निक्सन या कामगार कार्यकर्त्याने पहाटे फोन केला, तेव्हाही ते लगेच हो म्हणाले नाहीत. विचार करून सांगतो म्हणाले. या जागेसाठी ते धावत आले नव्हते, ही गोष्ट मला पुन्हा पुन्हा आठवावीशी वाटते.

जानेवारीच्या मध्यापर्यंत धमक्यांचे फोन आणि पत्रं रोज तीस-चाळीसवर गेली होती. २६ तारखेला पोलिसांनी त्यांना गाडी वेगात चालवल्याबद्दल पकडलं. मर्यादा ताशी पंचवीस मैलांची, यांची गाडी तीसवर. पोलिसांच्या गाडीत मागे बसलेल्या किंगना वाटलं, आपल्याला गावाबाहेर नेऊन मारणार. कुठल्याशा पुलाखाली जमाव थांबलेला असणार. शेवटी तुरुंगाची पाटी दिसली तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. तुरुंगाची पाटी पाहून सुटकेचा श्वास टाकणं म्हणजे काय, ते मला तिथे उभं राहून पहिल्यांदा नीट कळलं.

दुसऱ्या रात्री उशिरा फोन वाजला. तीन दिवसांत गाव सोडलं नाहीस तर तुझं डोकं उडवू, घर उडवू, अशा अर्थाचं बोलणं. बायको आणि दहा आठवड्यांची मुलगी झोपलेली. किंग उठून स्वयंपाकघरात आले, कॉफी केली. कप समोर तसाच राहिला. आणि ते विचार करत बसले. काय विचार? हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय म्हणून आपल्याला माहीत: भित्रा न दिसता यातून बाजूला कसं होता येईल.

या वाक्याशी मी वर्षानुवर्षं अडकून बसलेय. भित्रा न दिसता बाजूला होणं. कारण ही वाट मला पायाखालची आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होते. गावाचं नाव सांगत नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. पोषण आहाराचा स्वयंपाक करायला बौद्धवस्तीतल्या एक बाई नव्याने लागल्या. मुलं त्यांना मावशी म्हणायची. हात स्वच्छ, खिचडी मोकळी, आणि मोजायचं काम असं पक्कं की मुलामागे शंभर ग्रॅमचा हिशोब कधी चुकला नाही. दुसऱ्या आठवड्यात वरच्या आळीतली अकरा मुलं घरून डबे घेऊन आली. विचारलं तर म्हणाली, आईने दिलाय. कुणी काही बोललं नाही, पत्र नाही, तक्रार नाही. नुसते डबे. खिचडी उरली ती मावशींनी पातेल्यात झाकून ठेवली, आणि माझ्याकडे पाहिलं. मी हजेरीपटात डोकं घातलं.

चार दिवस मी काहीही केलं नाही. मनाशी म्हणत राहिले, निवळेल आपोआप. शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका सदस्याने मला बाजूला घेऊन सौम्यपणे सांगितलं, "बाई, गाव आपलं चांगलं आहे, उगाच वातावरण बिघडायला नको." आणि मला ते पटलं. पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मावशींना खोलीत बोलावलं आणि म्हणाले, थोडे दिवस रजा घ्या. तब्येतीचं कारण सांगू. पगाराचं मी बघते.

माझी जात, माझं आडनाव, माझी नोकरी, यातलं काहीच धोक्यात नव्हतं. फार तर दोन अर्ज वर गेले असते, केंद्रप्रमुखांनी बोलावून चार शब्द सुनावले असते. तरी मी घाबरले होते. आणि घाबरले आहे असं दिसू नये म्हणून मी एका दुसऱ्या बाईला आजारी ठरवत होते.

मावशी ऐकून घेत होत्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "मी जाते की रजेवर. पर पोरं इचारतील, मावशी का न्हाई आली. तवा मी आजारी हाय असं सांगू नगा, बाई. तुमाला भ्या वाटतंय, असं सांगा."

एवढंच बोलल्या आणि पातेली घासायला गेल्या.

माँटगोमेरीच्या त्या रात्री किंग यांनी टेबलावर डोकं टेकून मोठ्याने प्रार्थना केली. मी दुबळा झालोय, माझं धैर्य सरतंय. लोक माझ्याकडे बघतात, आणि मीच असा त्यांच्यासमोर गेलो तर तेही खचतील. आता माझ्याजवळ काही उरलं नाही. मग आतून आवाज आल्यासारखं झालं: सत्यासाठी उभा राहा, न्यायासाठी उभा राहा. माझी श्रद्धा त्यांच्यासारखी नाही, त्यामुळे त्या आवाजाबद्दल मी काही बोलणार नाही. त्याच्या आधीच्या कबुलीबद्दल मात्र बोलू शकते. भीती आहे, हे त्यांनी आधी शब्दांत मांडलं. एकट्याने, मध्यरात्री, पण मोठ्याने. आणि पुढे आयुष्यभर लोकांसमोर सांगत राहिले. पुतळे उभारले जातात त्या माणसांनी असल्या रात्री सहसा झाकून ठेवलेल्या असतात.

तीन दिवसांनी, ३० जानेवारीच्या रात्री, घराच्या व्हरांड्यात बॉम्ब फुटला. किंग सभेला गेले होते. त्यांची बायको कोरेटा आणि चर्चमधल्या एक बाई पुढच्या खोलीत होत्या. काहीतरी आपटल्याचा आवाज ऐकताच त्या मागे सरकल्या म्हणून वाचल्या, बाळही वाचलं. व्हरांड्याच्या जमिनीतला तो खड्डा अजून जपून ठेवलाय. मी खाली वाकून त्याला हात लावला. हाताच्या पंजात मावेल एवढी जागा.

किंग धावत आले तेव्हा बाहेर शेकडो माणसं जमली होती, काहींच्या हातात हत्यारं. पोलिसांना लोक जुमानत नव्हते. किंग यांनी आधी आत जाऊन बायको-मुलीला पाहिलं, मग याच व्हरांड्यात येऊन लोकांना सांगितलं: घरी सगळे सुखरूप आहेत, हत्यारं घरी न्या, मला थांबवलं तरी हे काम थांबणार नाही. जमाव पांगला. हा प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच्या पुढचा कमी सांगितला जातो, आणि मला तोच जास्त मोलाचा वाटतो. त्यानंतर किंग यांनी पिस्तूल बाळगायचा परवाना मागितला. तो नाकारला गेला. घरात पहाऱ्याला माणसं होती, बंदुका होत्या. फेब्रुवारीत बायर्ड रस्टिन त्यांच्या मदतीला आले. गांधींच्या मार्गाचा त्यांचा अभ्यास किंगपेक्षा कितीतरी जुना. त्यांच्यासोबतचा पत्रकार या घरातल्या खुर्चीत बसायला गेला तर खुर्चीत बंदूक. रस्टिन यांनी विषय काढला, वाद झाला, बोलणी होत राहिली. हळूहळू बंदुका घरातून गेल्या. किंग यांनी पुढे लिहिलं की शस्त्र होतं तोवर भीती उलट जास्त होती.

म्हणजे अहिंसेचं भाषण व्हरांड्यात आधी झालं आणि ती घरात नंतर आली. यात खोटेपणा आहे असं मला वाटत नाही. माणूस बोललेल्या शब्दाच्या मागून चालत गेला आणि त्याला गाठलं. त्यासाठी कुणाचं तरी ऐकावं लागलं, तेही ऐन नावलौकिकाच्या दिवसांत. शिक्षकी पेशात तीस वर्षं काढल्यावर मी सांगू शकते, ज्याचं सगळे ऐकतात त्याला ऐकून घेणं फार जड जातं.

आणखी एक संध्याकाळ. याच महिन्यांमधली. दिवसभर मनाने खचलेले किंग सभेत उभे राहिले, जोरकस बोलायचा प्रयत्न केला. सभा संपल्यावर एक म्हातारी पुढे आली. सगळे तिला मदर पोलार्ड म्हणत. गरीब, न शिकलेली, आणि बहिष्कार सुरू झाल्यापासून पायी चालणारी. बसने जायला तुला हरकत नाही, असं तिला सुचवलं गेलं होतं, तेव्हा तिने नकार दिला होता. पाय दमलेत पण आत्म्याला विसावा आहे, असं काहीसं तिचं उत्तर. त्या संध्याकाळी तिने विचारलं, तुला काय झालंय? आज तुझ्या बोलण्यात जोर नव्हता. किंग म्हणाले, काही नाही, मी ठीक आहे. ती म्हणाली, मला फसवू नकोस. आम्ही करतोय ते तुला आवडत नाहीये का, की गोरे लोक त्रास देतायत? आणि उत्तराची वाट न पाहता सांगितलं, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत. आणि आम्ही नसलो तरी देव तुझा सांभाळ करील.

सात वर्षांनी, १९६३ च्या एप्रिलमध्ये, बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून किंग यांनी ते प्रसिद्ध पत्र लिहिलं. सुरुवात वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर, कारण कागद नव्हता. त्या पत्राच्या शेवटाकडे, दक्षिणेतले खरे वीर कोण हे सांगताना, बहात्तर वर्षांच्या एका बाईचे दमलेले पाय येतात. माणूस तुरुंगात आहे, संदर्भाला एकही पुस्तक हाताशी नाही, आणि त्याला मोठमोठ्या तत्त्वज्ञांच्या जोडीने ती म्हातारी आठवते. तिने आपली भीती ओळखली होती, हे तो विसरला नव्हता.

ते पत्र मी मराठीत माझ्यासाठी थोडं थोडं उतरवून काढलं होतं, पण ते शाळेतल्या त्या प्रकारानंतर. आठ गोऱ्या धर्मगुरूंनी आंदोलनाची घाई नको, संयम धरा, असं जाहीर निवेदन काढलं होतं, त्यांना हे उत्तर. किंग म्हणतात, उघड द्वेष करणाऱ्यापेक्षा मला तो भला माणूस जास्त अडवतो, ज्याला न्यायापेक्षा शांतता प्यारी असते. वाट पाहा असं सांगणं सोपं आहे. पण सहा वर्षांच्या मुलीने टीव्हीवर जाहिरात पाहून त्या करमणूक बागेत जायचा हट्ट धरावा, आणि तिथे काळ्या मुलांना घेत नाहीत हे तिला सांगताना बापाची जीभ अडखळावी, मग कळतं वाट पाहणं कसं असतं. मी ते वाचताना माझ्यासमोर झाकलेलं पातेलं होतं. नववा धर्मगुरू मीच होते.

दरवर्षी १४ एप्रिलला शाळेत भाषण मीच करायचे. २० मार्च १९२७, महाड, चवदार तळं, बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलेलं पाणी. सांगताना माझा आवाज भरून यायचा, तो खोटा नव्हता. मुलं टाळ्या वाजवायची. पाण्याची गोष्ट इतकी वर्षं सांगणाऱ्या बाईच्या शाळेत खिचडीचं पातेलं विटाळलं, आणि तिला रजेचा अर्ज सुचला.

मावशींच्या त्या बोलण्यानंतर दुसऱ्या दिवशी मी काय केलं ते सांगते, पण ते फार नाही. दुपारच्या सुट्टीत मुलांच्या पंगतीत खाली बसले आणि मावशींना पहिलं ताट मला वाढायला सांगितलं. इतर दोन शिक्षकही येऊन बसले. संध्याकाळी मी त्या अकराही मुलांच्या घरी गेले. काही ठिकाणी चहा मिळाला, एका ठिकाणी ओट्यावरच उभं ठेवलं. सगळीकडे एकच वाक्य म्हणाले: मी पहिल्या दिवशीच यायला हवं होतं, मी घाबरले म्हणून आले नाही. हे म्हणताना वाटलं होतं तेवढी लाज वाटली नाही. सहा मुलांचे डबे आठवडाभरात बंद झाले. चौघं वर्षभर डबाच आणत राहिली. एका मुलाचं नाव घरच्यांनी दुसऱ्या गावातल्या शाळेत घातलं. मावशी त्यानंतर बरीच वर्षं त्याच शेगडीपाशी होत्या. पण ते पाच दिवस मी त्यांना परत देऊ शकले नाही. माझ्या भीतीची किंमत मी मोजलीच नव्हती, त्यांनी मोजली होती.

किंग १९५९ मध्ये भारतात आले होते. मुंबईत मणिभवनात राहिले. केरळात, त्रिवेंद्रमला, एका शाळेतही गेले. मुलं बहुतेक अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरांतली. मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली: हे अमेरिकेहून आलेले, तुमच्यासारखेच एक अस्पृश्य. किंग आधी दुखावले. मग आपल्या देशातले कोट्यवधी काळे लोक डोळ्यांसमोर आले आणि त्यांनी मनाशी म्हटलं, होय, मी अस्पृश्य आहे. ही आठवण त्यांनी १९६५ मध्ये अटलांटातल्या आपल्या चर्चमध्ये सांगितली. त्या मुख्याध्यापकांचा मला हेवा वाटतो. एका वाक्यात त्यांनी पाहुण्याला मुलांच्या पंगतीत बसवलं, आणि पाहुणा बसला.

त्या घरातून फिरताना एका गोष्टीचा रागही येत होता, तो लपवत नाही. रोझा पार्क्स यांच्या अटकेच्या रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने कॉलेजच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर हजारो पत्रकं काढली. ती वाटली गेली नसती तर ५ डिसेंबर उजाडलाच नसता. क्लॉडेट कॉल्विन ही पंधरा वर्षांची मुलगी तर त्याच वर्षी मार्चमध्ये बसमध्ये बसून राहिली होती. तिचं नाव पुढे आणलं गेलं नाही. मात्र ज्या खटल्याने माँटगोमेरीच्या बसमधला भेद अखेर संपला, त्यात वादींपैकी ती एक होती. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात मुख्य भाषणांपैकी एकही बाईचं नव्हतं. किंग यांना हे दिसायला हवं होतं. मदर पोलार्डचं ऐकणारा माणूस आपल्याच संघटनेतल्या एला बेकरचं पुरेसं ऐकत नव्हता. मोठ्या माणसाच्या घरात उभं राहून त्याचं उणं आठवणं मला अपमानाचं वाटत नाही.

तीनशे एक्क्याऐंशी दिवस चालून लोक २१ डिसेंबर १९५६ ला पुन्हा बसमध्ये बसले, हवं त्या जागेवर. त्याच्या पंधरा दिवस आधी, ६ डिसेंबरला, दिल्लीत बाबासाहेब गेले होते.

रात्री लेकीच्या घरी आल्यावर मावशींना फोन लावला. तिकडे सकाळ होती. आता त्या थकल्यात, स्वयंपाक सून करते, पण पहाटे उठायची सवय गेली नाही. काय बघून आलात, विचारलं. म्हटलं, एका माणसाचं स्वयंपाकघर. कोण माणूस, काय केलं त्याने, हे जमेल तसं सांगितलं. त्यांनी मधेच विचारलं, "येवढी मान्सं चालत हुती वरीसभर, त्यांस्नी जेवाय कोण घालत हुतं?"

मग मी जॉर्जिया गिलमोर यांच्याबद्दल सांगितलं. माँटगोमेरीतल्या एका खाद्यगृहात त्या स्वयंपाकीण होत्या. बसच्या ड्रायव्हरने पैसे घेतले, मागच्या दाराने चढ म्हणून खाली उतरवलं आणि बस नेली, तेव्हापासून त्यांनी बस सोडलेली. बहिष्कार सुरू झाला तसं त्यांनी बायका गोळा केल्या. घरी केक, पाय, सँडविच करून विकायचे आणि पैसे आंदोलनाच्या गाड्यांच्या पेट्रोलला द्यायचे. कुणाची नोकरी जाऊ नये म्हणून मंडळाचं नावच ठेवलं, 'कुठलंच नाही ते मंडळ'. १९५६ च्या मार्चमध्ये किंग यांच्यावरच्या खटल्यात त्यांनी कोर्टात उभं राहून साक्ष दिली. तिथे नाव लपणार नव्हतं. कामावरून काढून टाकलं.

"कामाला गेली ती," मावशी म्हणाल्या. त्यांच्याकडे याचा अर्थ कामातून गेली, संपली असा होतो.

नाही म्हटलं. घरीच खाणावळ घातली. किंग स्वतः तिथे जेवायचे, बैठकाही तिथेच व्हायच्या. १९९० मध्ये वारल्या तेव्हासुद्धा मोर्च्यातल्या लोकांसाठीच रांधत होत्या, आणि तेच जेवण त्यांच्या मातीला आलेल्यांना वाढलं गेलं.

पलीकडे थोडा वेळ नुसता भांड्यांचा आवाज.

"तिला कामावरनं काढल्यालं तवा ह्यो मानूस काय म्हणला तिला?"

म्हटलं, घरीच सुरू कर म्हणाला. आणि त्यासाठी पैशाची मदत केली.

"हं," मावशी म्हणाल्या. "मग बरा हुता."